डोळे मिटून नाणं ओळखा

हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर आधी एक छोटं काम करा. खिशातली, बॅगेतली, गाडीच्या कप्प्यातली जी काही नाणी असतील ती तळहातावर घ्या. आता डोळे मिटा आणि फक्त बोटांनी सांगा, रुपया कुठला, दोन रुपये कुठले, पाच कुठले?

मी हे केलं तेव्हा आठ नाण्यांपैकी तीन चुकलो. माझे आजोबा, आबा, गेली वीस वर्षं रोज हेच करत आलेत. त्यांना काचबिंदू आहे. नजर हळूहळू गेली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

आबांचं वैभववाडीच्या बाजारात छोटं किराणा दुकान आहे. चाकरमानी म्हणून मुंबईला गेले, गिरणीत लागले, १९८२ चा संप झाला आणि परत गावी येऊन दुकान टाकलं. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी आहे, त्यामुळे ती लांबवत नाही. आजचा विषय आहे त्यांचा गल्ला. जुनी नाणी आणि नोटा बदलाव्यात का, काही बंदच कराव्यात का, यावर अधूनमधून चर्चा होते. ती चर्चा दिल्ली-मुंबईत होते, परिणाम गल्ल्यावर होतो. म्हणून मी हा इतिहास गल्ल्याच्या बाजूने सांगणार आहे.

सुरुवात आबांच्या लहानपणापासून करू. तेव्हा रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे एका रुपयात ६४ पैसे किंवा १९२ पै. हिशोबाला किचकट, पण हाताला सोपं. एक आण्याचं नाणं कडेने नागमोडी, दोन आण्यांचं चौकोनी. आणि भोकाचा पैसा! दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला सरकारने १९४३ ते १९४७ मध्ये मधोमध भोक असलेला पैसा पाडला. कारण काटकसरीचं होतं, पण अंधारातही बोट लावलं की कळायचं, हा पैसा.

मग १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. रुपयाचे १०० पैसे. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून नाव ठेवलं 'नये पैसे'. हे 'नये' १ जून १९६४ ला काढलं, तोवर लोकांना सवय झाली होती. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे फार आवडतं. सरळसरळ व्हर्जन नंबर नाण्यावर छापला होता.

अडचणी आल्याच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. मग आण्याला मिळणारी वस्तू सहा पैशांना द्यायची की सात? काही वर्षं जुनी-नवी दोन्ही नाणी बरोबर चालली. पण आकारांचा विचार केलेला होता. एक पैसा गोल, दोन पैसे नागमोडी, पाच पैसे चौकोनी, दहा पैसे पुन्हा नागमोडी पण मोठे. १९६० च्या दशकात ॲल्युमिनियमचे तीन पैसे आले ते षटकोनी. आबा सांगतात, गिरणीतून रात्रपाळी करून निघाल्यावर काळोखात सुटे मोजून द्यायचे, चूक व्हायची नाही.

आता आपल्या काळात या. १९९० च्या दशकातलं दोन रुपयांचं नाणं तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्याला अकरा बाजू होत्या. ते हातात आलं की प्रश्नच नाही. त्याच काळातला स्टीलचा रुपया गोल, २५ मिलिमीटर व्यासाचा. आठ आण्याचं स्टीलचं नाणं २२ मिलिमीटर, चार आण्याचं १९. नंतर दोन रुपयेही गोल झाले आणि त्या बाजू गेल्या.

आणि मग २०११. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. ३० जूनपासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी अधिकृतपणे बंद झाली. आणि रुपयाचं नवं चिन्ह घेऊन नवी मालिका आली. तिचे आकार नीट ऐका. नवे ५० पैसे १९ मिलिमीटर. नवा रुपया २२ मिलिमीटर. नवे दोन रुपये २५ मिलिमीटर.

लक्षात आलं? प्रत्येक नाण्याने आपल्या धाकट्या भावाचा सदरा घातला. ५० पैसे चार आण्यांच्या मापाचे झाले, रुपया आठ आण्यांच्या मापाचा आणि दोन रुपये रुपयाच्या मापाचे. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया आणि २०११ चे दोन रुपये यांचा व्यासही सारखा आणि वजनही सारखं, ४.८५ ग्रॅम. दिसणाऱ्याला काही फरक पडत नाही, तो आकडा वाचतो. पण जुना रुपया रद्द झालेला नाही. तो आजही कायदेशीर आहे आणि गल्ल्यात त्याच डब्यात पडतो.

मी तेव्हा शाळेत होतो. संध्याकाळी दुकानात बसलो की आबा नाणं पुढे करायचे. "हो रुपयो काय दोन रुपये रे?" मला वाटायचं, म्हातारपण. कितीतरी वर्षांनी, इंजिनिअरिंगला असताना, दोन्ही नाण्यांची मापं बघितली तेव्हा कळलं की बग आबांच्या बोटांत नव्हता.

धातू महाग झाला, नाणी लहान करावी लागली, हे मान्य. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार रुपयाचं एक नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागत होते. प्रश्न लहान करण्याचा नाही. लहान करताना दुसऱ्या चालू नाण्याचं माप का उचललं, हा आहे.

दहा रुपयांच्या नाण्याची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. दोन धातूंचं, बाहेर पिवळं, आत पांढरं. आबांना आवडणारं, कारण बोटाला मधला जोड लागतो. पण त्याच्या इतक्या वेगवेगळ्या रचना निघाल्या की लोकांनी स्वतःच ठरवलं, दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. चिन्ह नसलेलं खोटं. १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की १४ रचना आहेत आणि सगळ्या चालतात. तरी आमच्या बाजारात कितीतरी दिवस ते नाणं कोणी घेत नव्हतं. उलट बाजूला ५० पैसे. ते कायद्याने आजही चालू आहेत, पण देऊन बघा कोणाला. एक नाणं कायदा जिवंत म्हणतो आणि बाजार मेलेलं मानतो. हे कागदावर दिसत नाही.

नोटांकडे वळू. १९९६ पासूनच्या गांधी मालिकेत शंभरची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७, हजारची १७७. मधे दहा-दहा मिलिमीटरचं अंतर. आबा नोट बोटांभोवती गुंडाळून किती उरते ते बघायचे. त्यांची ती पट्टी होती.

८ नोव्हेंबर २०१६ नंतर नवी मालिका आली. शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. अंतर राहिलं चार मिलिमीटर. त्यात आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. जुनी दहाची नोट १३७ मिलिमीटर, नवी पन्नासची १३५. दोन्ही चालू. म्हणजे दहाची नोट पन्नासपेक्षा लांब! उंचीत तीन मिलिमीटरचा फरक आहे, तो मऊ पडलेल्या, कोपरे दुमडलेल्या नोटेवर शोधून दाखवा.

शंभर आणि त्यावरच्या नोटांवर उठावाच्या खुणा आहेत, हे खरं. शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ, कडेला तिरक्या रेघा. करकरीत नोटेवर त्या लागतात. पण आमच्या दुकानात करकरीत नोट येते कधी? मासळीबाजार फिरून, घामाने भिजून, चार घड्या पडून येते.

दोनशेची नोट आल्यावर वर्षभराच्या आत ते घडलं. आबांनी सुटे देताना दोनशे समजून पाचशेची नोट दिली. घेणारा काही न बोलता गेला. तीनशे रुपये गेले, त्याचं फार नाही. पण त्या रात्री काका म्हणाला, "आबा, उद्यापासून गल्ल्यावर मी बसतो." आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "दिसणा नाय म्हणान हात शिकले. आता हातांका पण कळणा नाय." पस्तीस वर्षं स्वतः चालवलेल्या दुकानात ते बाजूच्या खुर्चीवर बसायला लागले.

आबा एकटे नाहीत. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेली. नव्या नोटा आणि नाणी अंधांना ओळखता येत नाहीत, अशी जनहित याचिका. २०१९ मध्ये सुनावणीत न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला विचारलं की नोटांचे आकार आणि वैशिष्ट्यं सारखी बदलावी का लागतात. १ जानेवारी २०२० ला बँकेने 'मणी' नावाचं ॲप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवतं, इंटरनेट नसलं तरी. मी ते आबांना टाकून दिलं. चांगलं आहे. पण दुकानात गिऱ्हाईक उभं असताना एका हातात फोन, एका हातात नोट, आणि गल्ला कोण उघडणार? शिवाय ते फक्त नोटा ओळखतं, नाणी नाही.

मग उपाय काय? जुनं सगळं एकदम रद्द करायचं?

ब्रिटनने तसं केलं. २८ मार्च २०१७ ला बारा बाजूंचं नवं एक पौंडाचं नाणं आणलं आणि १५ ऑक्टोबरला जुनं गोल नाणं बाद. सात महिन्यांच्या आत बाजारात एकच आकार उरला. कॅनडाने २०१२ मध्ये शेवटचा सेंट पाडला आणि रोखीचा हिशोब पाच सेंटपर्यंत कसा करायचा याचा नियम देऊन ठेवला. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये आपली पेनी पाडणं थांबवलं.

पण आपण २०१६ बघितलंय. बँक दूर, दिवसाला ठरावीक एसट्या, घरात म्हातारी माणसं आणि डब्यात साठवलेले पैसे. तारीख चुकली की कष्टाचा पैसा कागद होतो. म्हणून जुनं चलन चालू ठेवण्याच्या आपल्या पद्धतीला मी नुसती नावं ठेवणार नाही. त्यात गरिबाचं रक्षण आहे. आबांनाही विचारलं तर ते म्हणतील, कोणाचा रुपया बुडायला नको.

या दोन्हींच्या मधला रस्ता आपल्याच इतिहासात आहे. २००५ पूर्वीच्या नोटा काढून घ्यायचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केलं. त्या नोटा बाद केल्या नाहीत. फक्त बँकेत आलेली नोट पुन्हा बाहेर द्यायची नाही, एवढंच. मुदती वाढवत वाढवत काम झालं, आणि रांगा लागल्या नाहीत. हेच नाण्यांना का करू नये? २०११ ची मालिका आणि त्याआधीची नाणी बँकेत आली की तिथेच थांबवा. कोणाचं नुकसान नाही, आणि काही वर्षांत गल्ला साफ. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुनं व्हर्जन असंच हळूहळू काढतो.

आणि हे आताच करण्यात अर्थ आहे, कारण २०१९ ची नवी मालिका खरोखर विचार करून केलेली आहे. दृष्टिहीनांसाठी म्हणूनच ती जाहीर झाली. रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७, आणि वीस रुपयांचं नाणं बारा बाजूंचं. किंमत वाढेल तसा आकार वाढतो. नुसती ही पाच नाणी आबांच्या हातात दिली, तर दोन मिनिटांत बिनचूक लावून दाखवली त्यांनी. मग मी गल्ल्यातली बाकीची नाणी त्यात मिसळली. नवे दोन रुपये जुन्या पाचच्या मापाचे, नवे पाच जुन्या रुपयाच्या मापाचे. जाडी चाचपत बसले, आणि मग हात मागे घेतला.

तुम्ही म्हणाल, आता यूपीआय आहे, नाण्यांचं काय घेऊन बसलास. खरंय, आमच्या दुकानातही क्यूआर कोड आहे, आणि रक्कम मोठ्याने सांगणारा डबाही. आबांना तो डबा आवडतो. पण सकाळी दुधाच्या पिशवीला, पोरांच्या गोळ्यांना, वाडीवरच्या आजीच्या चहा पावडरीला अजून रोखच येते. आणि घेताना डबा बोलतो, सुटे परत देताना नाही.

गणपतीला घरी जाईन तेव्हा एक करणार आहे. गल्ल्यातली जुनी नाणी निवडून बँकेत भरायची आणि नव्या मालिकेची सुटी मागून घ्यायची. मिळतील तेवढी. काकाशी बोललोय, दुपारचे दोन तास गल्ल्यावर आबा बसतील.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर सुरुवातीचा तो प्रयोग त्यांच्यासोबत करून बघा, आणि कुठलं नाणं सगळ्यात जास्त चुकतं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू.