सळई कोणी फिरवली? मुदपाकखान्यातील पोरापासून केटल ग्रिलच्या मोटरपर्यंत

१/१३
कोळशाच्या केटल ग्रिलवर रोटिसरी बसवली की विजेची एक लहानशी मोटर तासभर सळई फिरवत राहते आणि कोंबडी सर्व बाजूंनी सारखी भाजून निघते. जवळ उभ्या असलेल्या माणसाला फार काही करावे लागत नाही. या मोटरच्या जागी पूर्वी कोण होते? त्या जागेचा हा इतिहास. (धागा)

२/१३
आधी एक गैरसमज दूर करू. जुन्या युरोपीय पद्धतीत 'रोस्ट' विस्तवावर नव्हे, तर विस्तवासमोर होत असे. सळई आगीपुढे आडवी असे आणि मांसाच्या खाली चरबी झेलणारे पसरट भांडे. मांस थेट ज्वाळेवर धरले तर ठिबकणारी चरबी पेट घेते आणि मांस काजळते.

३/१३
फिरण्याचे कारणही साधे आहे. सळई फिरत असताना सुटलेला रस बराचसा मांसाच्या पृष्ठभागावरूनच ओघळत राहतो. आगीसमोर तापलेली बाजू मागे गेली की किंचित निवते. त्यामुळे बाहेरून करपण्याआधी आतपर्यंत उष्णता पोहोचते. मात्र सळई थांबली की सारे बिघडते. म्हणजे कोणीतरी तासन् तास ती फिरवत बसणे आले.

४/१३
सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हे काम मुलांकडे असे. आठव्या हेन्रीच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील प्रचंड चुलाण्यांसमोर अशी पोरे राबत. १५२६ साली कार्डिनल वुल्सीने राजगृहाच्या व्यवस्थेचे नियम तयार केले. मुदपाकखान्यातील पोरांनी उघडे किंवा घाणेरड्या चिंध्यांत वावरू नये आणि चुलीशेजारी जमिनीवर झोपू नये, अशी ताकीद त्यांत आहे.

५/१३
नियम सहसा एखादी गोष्ट घडत असते म्हणूनच केला जातो. या एका कलमावरून त्या पोरांचे जिणे डोळ्यांसमोर उभे राहते: असह्य धग, अंगावर धड वस्त्र नाही, आणि रात्री निजायला तीच जागा. राजाच्या पंक्तीत वाढल्या जाणाऱ्या मांसामागे हे श्रम होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत.

६/१३
मग पोराच्या जागी कुत्रा आला. जॉन कायस या वैद्याने इंग्लंडमधील कुत्र्यांविषयी लॅटिनमध्ये पुस्तक लिहिले; त्याचे इंग्रजी भाषांतर १५७६ साली निघाले. त्यात सळई फिरवणाऱ्या कुत्र्यांची नोंद आहे. लांब अंगाचा, आखूड पायांचा हा कुत्रा भिंतीवर उंच बसवलेल्या पोकळ चाकात चालत राही आणि दोरीने जोडलेली सळई फिरे.

७/१३
इंग्लंडमधील लॅकॉक गावच्या जॉर्ज इन या खाणावळीत असे एक चाक अजून जपलेले आहे. वेल्समधील ॲबरगॅव्हनीच्या संग्रहालयात या जातीचा पेंढा भरलेला एक कुत्रा पाहायला मिळतो. ही जात आज उरलेली नाही. तिचे काम संपले आणि तिला पाळण्याचे कारणही संपले.

८/१३
या बदलाची खूण भाषेतही राहिली. सळई फिरवणाऱ्या पोराला इंग्रजीत 'टर्नस्पिट' म्हणत; तेच नाव कुत्र्याला मिळाले. 'जॅक' हे तर कोणत्याही हरकाम्या पोराला मारायच्या हाकेचे नाव. पुढे पोराचे काम करणाऱ्या यंत्रालाही 'जॅक' म्हणू लागले. आपल्याकडे गॅरेजमध्ये गाडी उचलायला लागणारा जॅक याच शब्दकुळातला!

९/१३
यंत्राची कल्पना जुनीच होती. धुराड्यातून वर जाणाऱ्या गरम हवेने पंखा फिरवावा आणि त्याने सळई, असे रेखाटन लिओनार्दो दा विंचीने केले होते. आग मोठी तर सळई जलद, आग मंद तर सळईही मंद. बार्तोलोमिओ स्काप्पीच्या १५७० सालच्या पाकग्रंथात घड्याळासारख्या दातेरी चाकांवर चालणारे यंत्रही दाखवले आहे.

१०/१३
पुढे वजनावर चालणारे आणि नंतर चावीचे 'जॅक' सामान्य घरांत पोहोचले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाकातला कुत्रा जवळजवळ नाहीसा झाला. याच काळात बंदिस्त लोखंडी शेगड्या आल्या. त्यांच्या भट्टीत मांस ठेवले की सळईचे कामच उरत नसे. नाव 'रोस्ट' राहिले. पद्धत मात्र पाव भाजण्याचीच झाली.

११/१३
फिरती सळई पुन्हा घरगुती झाली ती विसाव्या शतकातील अमेरिकेत, अंगणात. १९२० च्या दशकात हेन्री फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या लाकडी भागांतून उरणाऱ्या तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या बनू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली आणि अशा वड्यांवर मांस भाजणे हा सुटीच्या दिवसाचा विरंगुळा झाला.

१२/१३
तेव्हाच्या उघड्या शेगड्यांवर वारा राख उडवी आणि पाऊस विस्तव विझवी. शिकागोतील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. तेथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली बोयाच्या गोलाचे दोन भाग घेतले: एक कोळशासाठी, दुसरा झाकण म्हणून. त्यांना हवेची छिद्रे पाडली. हीच केटल ग्रिल.

१३/१३
या ग्रिलची रोटिसरी म्हणजे भांडे आणि झाकण यांच्यामध्ये बसणारे एक कडे, त्यात आरपार सळई आणि टोकाला मोटर. निखारे दोन्ही कडांना, मध्ये चरबी झेलणारे भांडे. मांस विस्तवाच्या वर नाही, बाजूला. मांडणी हॅम्प्टन कोर्टचीच, फक्त झाकणाखाली. कोंबडी दोऱ्याने घट्ट बांधून सळईवर समतोल बसवावी लागते. वजन एका बाजूला झुकले तर मोटर अडखळते. पोरगा आणि कुत्रा मात्र अडखळले तरी त्यांना फिरवत राहावे लागे. आज माणूस विस्तवाजवळ हौसेने उभा राहतो, कंटाळला की आत जाऊन बसतो. १५२६ च्या त्या पोरांना ही मुभा नव्हती. (धागा समाप्त)