मुंबईच्या डोंगरउतारावरील वस्त्या

घाटकोपर, विक्रोळी आणि भांडुपच्या टेकड्या काळ्या पाषाणाच्या. वरचा थर झिजून त्याचा मुरूम झालेला, आणि त्यावर मातीचा पातळ पापुद्रा. स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यात कारखाने वाढले, पण कामगारांसाठी घरे वाढली नाहीत. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि नव्या चाळी बांधणे परवडेनासे झाले. 1972 च्या दुष्काळात गावे सोडून आलेल्यांची त्यात भर पडली. सपाट जमीन कारखान्यांनी आणि वसाहतींनी व्यापली होती. उरला तो उतार.

उतारावर घर बांधायचे तर आधी सपाटी करावी लागते. टेकडी कापून निघालेला मुरूम पुढे जोत्यात भरला जाई आणि घराच्या पाठीशी उभी कड उरे. पायथा घरांनी भरला की पुढचे कुटुंब वर सरके. पावसाचे आणि मोऱ्यांचे पाणी मुरमात जिरले की तो जड होतो, त्याची पकड सुटते आणि दरड खाली येते.

सुरुवातीला शासनाचे धोरण झोपड्या पाडण्याचे होते. 1971 च्या झोपडपट्टी कायद्याने सुधारणेची वाट मोकळी झाली. 1976 मध्ये झोपड्यांची गणना होऊन रहिवाशांना फोटोपास (छायाचित्र असलेली ओळखपत्रे) मिळाले; नळ, संडास, पायवाटा आल्या. 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. मात्र घराचा हक्क ठरला तो वास्तव्याच्या तारखेवर. उतार किती धोक्याचा, हा प्रश्न मागेच राहिला.

12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी साकीनाक्यालाही दरडीखाली अनेक जीव गेले.

झोपडपट्टी सुधार मंडळाने ठिकठिकाणी संरक्षक भिंती बांधल्या आणि पावसाळ्यापूर्वी महापालिका धोक्याच्या जागी नोटिसा देते. परंतु पाण्याला वाट न ठेवलेली भिंत स्वतःच धोका बनते. तिच्यामागे पाणी तुंबते आणि दाब वाढत जातो. म्हणून माथ्यावरचे पाणी पक्क्या गटारांनी बाजूला वळवणे, भिंतीत निचऱ्याची भोके ठेवणे आणि ती साफ राखणे ही कामे भिंतीइतकीच महत्त्वाची आहेत. नोटीस मिळूनही माणसे हलत नाहीत, कारण रोजगार आणि मुलांची शाळा तिथेच असते. त्यामुळे कडेलगतच्या घरांना त्याच परिसरात पर्यायी जागा देणे, हाच टिकणारा उपाय ठरतो.