आडोसा : नव्या घराच्या खिडकीचा जुना इतिहास

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या काठावर रासाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे वडगाव रासाई आहे. या सगळ्या पट्ट्यात उसाचा पैसा आला आणि मातीच्या धाब्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. नवे घर बांधताना खर्चाचा एक ठरलेला क्रम असतो. पाया, भिंती, स्लॅब, गिलावा, फरशी, रंग आणि मग वास्तुशांत. पडद्याचा क्रमांक या यादीत सर्वांत शेवटी लागतो, पुष्कळदा लागतच नाही. सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या मात्र पहिल्या दिवसापासून रस्त्याकडे तोंड करून असतात. मग दोन खिळे आणि सुतळी यांवर जुने लुगडे किंवा चादर चढते. काचेला खळीने वर्तमानपत्र चिकटते. खताच्या रिकाम्या पोत्यांचा पट्टा शिवला जातो. अलीकडे एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स उलटा करून लावला जातो. चार दिवसांपुरती म्हणून केलेली ही सोय पुढे चार वर्षे टिकते.

या तात्पुरत्या वस्तूंना इतिहास असू शकतो काय? असू शकतो, असे मला वाटते. किंबहुना मराठी घराचा इतिहास दरवाजा आणि उंबरठा यांच्या बाजूने जितका सांगितला गेला, तितका तो खिडकीच्या बाजूने सांगितला गेलेला नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. आज आपण ज्याला ‘खाजगीपणा’ म्हणतो, तो शब्द मूळ ‘खासगी’वरून आला. मराठेशाहीत खासगी म्हणजे राजकुटुंबाचे स्वतःचे उत्पन्न व खर्च. राज्याच्या दौलतीहून वेगळा असलेला हिशेब. होळकरांची खासगी प्रसिद्ध आहे आणि अहिल्याबाईंचे दानधर्म तिच्याशी जोडलेले आहेत. म्हणजे हा शब्द मालकीचा आहे, नजरेचा नाही. नजरेपासून सुटण्यासाठी मराठीत निराळा शब्द आहे, ‘आडोसा’. खासगी ‘असते’, आडोसा ‘करावा’ लागतो. तो कुणीतरी उभा करतो, काहीतरी आड धरतो. त्यात हाताचे काम आहे आणि बहुधा ते काम बाईचे आहे. ‘आडपडदा’ हा शब्द आपण मनातले लपवण्यासाठी वापरतो तो याच कामाच्या आठवणीवर उभा आहे.

जुन्या वाड्याला हा आडोसा वेगळा करावा लागत नसे. वाडा हाच आडोसा होता. रस्त्याकडील तळमजल्याची भिंत जवळजवळ आंधळी, खिडक्या असल्याच तर लहान आणि उंचावर. यात चोर-दरोडेखोरांचे भय होते तसा नजरेचा विचारही होता. उजेड आणि वारा चौकातून येई. देवडी, ओसरी, सोपा, माजघर अशा पायऱ्यांनी पाहुणा आत येई आणि त्याने कोठे थांबायचे हे घराची रचनाच सांगे. खिडकीला लाकडी दारे असत. ती उघडली की उजेड, वारा आणि परक्याची नजर ही तिन्ही आत येत. लावली की तिन्ही बाहेर राहत. झिलमिल आली तेव्हा या तिघांतली नजर वेगळी काढता आली. तिच्या तिरक्या पट्ट्यांतून वारा येई, पण डोळा येत नसे. बांबूची चिक आणि वाळ्याचा पडदा ही त्याच युक्तीची स्वस्त आणि हंगामी रूपे. मात्र चिकेचा आडोसा दिवसापुरता असतो. दिवसा बाहेर उजेड जास्त म्हणून आतले दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की सगळे उलटते आणि चिकेआडची माणसे रस्त्यावरून स्पष्ट दिसू लागतात.

काचेने हा प्रश्न पूर्ण बदलला. लावलेली खिडकीही आता उजेड आत घेऊ लागली, पण उजेडाबरोबर नजरही आली. काचेच्या खिडकीला कापडाची गरज शोभेसाठी लागली नाही. काचेनेच ती निर्माण केली. घरात विजेचा दिवा आल्यावर रात्रीची ती गरज आणखी वाढली.

याच सुमारास उजेड हा सरकारी विषय झाला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे रोगाचे घर मानले गेले. 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्त्यांतून हवा-उजेड खेळवणे हे आपले काम मानले. पुण्यात 1897 मध्ये रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. त्या वर्षीच्या संतापाची कारणे आपण राजकीय इतिहासात वाचतो. घराच्या इतिहासात त्याचा अर्थ असा की देवडीपासून माजघरापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या एका दिवसात मोडल्या गेल्या. 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्यामागच्या क्षोभात माजघरात शिरलेल्या परक्या नजरेचा वाटा होता. आरोग्याचा आग्रह चुकीचा नव्हता. पण उजेड आत येताना आडोशाचे काय करायचे, याचे उत्तर त्या आग्रहापाशी नव्हते.

मात्र वाड्याचा फार गौरवही करू नये. वाड्याने घराला आडोसा दिला, घरातल्या माणसाला दिला नाही. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) वाचताना हे जाणवते. तेथे शिकणाऱ्या सुनेला रस्त्यावरच्या डोळ्यांची भीती नाही. तिच्यावर पहारा आहे तो घरातल्याच बायकांच्या टोमण्यांचा. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मधली यमू नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड करते, तेव्हा तिला एकत्र कुटुंबाच्या जाचातून जी सुटका मिळते, तीही याच अर्थाने वाचावी. बिऱ्हाडाच्या खोलीत बाहेरची नजर जवळ आली, पण घरातली नजर दूर गेली. बाहेरच्या नजरेला कापड पुरते. घरातल्या नजरेला पुरत नाही. पुढे 1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळींत सुमारे 160 चौरस फुटांच्या एका खोलीत कुटुंबे राहिली. चाळीतली खिडकी सामाईक गॅलरीत उघडत असेल तर तिच्या फक्त खालच्या अर्ध्या भागावर पडदा लावायचा, म्हणजे वरून वारा यावा आणि खालून नजर अडावी, ही रीत झिलमिलीचेच काम कापडाकडून करून घेते.

या इतिहासातले सर्वांत कठीण प्रकरण किल्लारीचे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. अधिकृत आकड्यांप्रमाणे जवळपास 8,000 माणसे गेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांखाली झोपेतली माणसे गाडली गेली. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या आडोसा दिला, त्यांनीच जीव घेतला. 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमिनीच्या धारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे देण्यात आली. ती भूकंपाला टिकणारी होती, हा त्यांचा मोठा गुण. परंतु रस्ते सरळ आखलेले, प्लॉट चौकोनी आणि घरे सुटी. ओसरी, चौक, माजघर ही उतरंड त्यांत नव्हती. दार उघडले की रस्ता. या पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले आहे की लोकांनी अनेक ठिकाणी आधी कुंपणाची भिंत घातली, पुढे पत्र्याची पडवी काढली आणि अंगण पुन्हा मिळवले. या पत्र्यांना आणि कापडांना सौंदर्यदृष्टीचा अभाव म्हणणे सोपे आहे. पण तो आराखड्यात राहून गेलेला भाग होता आणि तो राहणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने भरून काढला.

वडगाव रासाईच्या परिसरात याहूनही तात्पुरते घर दर हंगामात उभे राहते. ऊसतोडीसाठी बीड आणि अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्या बांबू, तट्ट्या, पाचट आणि ताडपत्री यांची कोपी बांधतात. कोपीला खिडकी नसते. दाराच्या जागी लुगडे असते. कोपीत नजरेचा प्रश्न खिडकीपाशी नसून न्हाणीपाशी आहे. चार काठ्या आणि त्यांभोवती गुंडाळलेले एक जुने पातळ, एवढीच ती न्हाणी. ते पातळ नसेल तर बाईला अंघोळीसाठी उजाडण्याआधी उठावे लागते. बंगल्याच्या काचेवरचे लुगडे आणि कोपीच्या न्हाणीचे पातळ ही वस्तू म्हणून एकच आहेत. पण एकीकडे ते पडदा येईपर्यंत असते आणि दुसरीकडे त्याच्यानंतर काहीच यायचे नसते.

घराचा इतिहास आपण इमारतींवरून लिहितो, कारण इमारती उरतात. लुगडे विरते, वर्तमानपत्र पिवळे पडून गळते, पोते उन्हाने फाटते. त्यांचा पुरावा शोधायचा तर तो आत्मचरित्रांत, कादंबऱ्यांत आणि स्त्रियांच्या आठवणींत शोधावा लागेल. हे काम इतिहासकारापेक्षा साहित्याच्या विद्यार्थ्याच्या हाती अधिक आहे. घरकुलाच्या आराखड्यात खिडकीचे माप हवा आणि उजेड यांवरून ठरते. ती खिडकी कोणाच्या दारासमोर उघडते आणि रात्री दिवा लावल्यावर आत कोण दिसते, हे दोन प्रश्न त्या मापाशेजारी लिहिले गेले, तर पहिल्या रात्री खिळे आणि सुतळी शोधत फिरण्याचे काम एका बाईचे तरी वाचेल.