परतलेल्यांसाठी दार

लूकच्या शुभवर्तमानातला बाप उधळ्या मुलाला दुरून पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. मला वाटते, या गोष्टीचा खरा कस लागला तो तिसऱ्या शतकात.

इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या हुकुमाने प्रजेला देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तच्या वाळूत असे दाखले सापडले आहेत. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केला; काहींनी पैसे चारून नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक चर्चच्या दाराशी परत आले.

ज्यांचे आप्त तुरुंगात मेले, त्यांनी यांच्या शेजारी बसायचे? रोममधील नोव्हेशियन म्हणाला, यांना क्षमा करण्याचा चर्चला अधिकार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता. २५१ च्या धर्मसभेने ठरवले: दाखलेवाल्यांना एकेकाची चौकशी करून, बळी देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्तानंतर आत घ्यावे. पुढे पुन्हा छळाची चाहूल लागताच प्रायश्चित्त घेणाऱ्या सर्वांना सामावून घेतले. २५८ मध्ये सिप्रियन मात्र लपला नाही. त्याचा शिरच्छेद झाला.

गोष्टीतला थोरला भाऊही घरात यायला तयार नव्हता. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आला, हे आपण सहसा विसरतो.