चित्रोत्सवाचे वारकरी

चित्रपटाचा इतिहास म्हटला की नटनटी, दिग्दर्शक आणि कंपन्या यांचीच नावे पुढे येतात. ज्याच्या आण्या-दोन आण्यांवर हा सारा डोलारा उभा राहिला, तो प्रेक्षक त्या इतिहासात क्वचितच दिसतो. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा-मोर्च्यांत गेले. शाळेचे शिक्षण बेताचेच. वाचले ते मागून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा हा इतिहास आज आम्ही पडद्याच्या बाजूने न पाहता सतरंजीच्या बाजूने पाहणार आहोत.

प्रारंभ घरापासूनच करू. आमच्या लहानपणी, म्हणजे 1980 च्या सुमारास, सौंदडहून गोंदियाला छोट्या रुळांची गाडी जात असे. कोणी गोंदियाला जाऊन नवा सिनेमा पाहून आला, की दुसऱ्या दिवशी बिड्या वळणाऱ्यांच्या घोळक्यात त्याला मानाची जागा मिळे. प्रत्येकाच्या मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने नि तंबाखू. हात आपल्या कामात आणि कान त्याच्या तोंडाकडे. तो मध्येच थांबला की म्हातारी विचारी, "मंग का झालं गा?" हजार बिड्या पुऱ्या होईतो सिनेमाही पुरा होई. एका सांगणाऱ्याला नायकाचे मरण सोसवत नसे, म्हणून तो त्याला जिवंत ठेवी. पुढे तो चित्रपट आम्ही स्वतः पाहिला आणि नायक मेला, तेव्हा आपण फसवले गेलो असे आम्हांला वाटले!

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पाहिलेले दुसऱ्याला सांगितल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, तोच खरा रसिक. वारीला जाणारा जसा प्रसाद घेऊन परततो, तसा हा गोष्ट घेऊन परततो. आमचे म्हणणे एवढेच, की चित्रपट जगला तो अशा सांगणाऱ्यांमुळे.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. तिकीट एक रुपया. त्याच्या सहाच वर्षे आधी, 10 जून 1890 रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीला यश येऊन गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. या दोन तारखा आम्ही मुद्दाम शेजारी ठेवतो. ज्याला सुट्टी नाही, त्याला सिनेमा कसला? पुढे 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. आणि 1946 मध्ये, डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना आणलेल्या दुरुस्तीने, कारखान्यातील आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. प्रेक्षक असा तासातासाने लढून मिळाला आहे. तिकिटाच्या खिडकीवर हे कोठे लिहिलेले नसते, म्हणून येथे सांगतो.

दामले-फत्तेलाल यांचा प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 साली आला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ एकाच चित्रगृहात चालला, आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. देहूचा वाणी इटलीपर्यंत पोचला. परंतु जगातील चित्रपट आपल्या दारी येण्यास आणखी पंधरा वर्षे लागली.

तो दिवस 24 जानेवारी 1952. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि नंतर दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे फिरला. आपल्याकडून गेलेल्या चित्रपटांत शाहीर होनाजीवरील मराठी 'अमर भूपाळी' होता. बाहेरून आलेल्यांत डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' होता. सायकल चोरीला गेली की नोकरी गेली, आणि ती शोधीत बाप नि पोर रोमच्या रस्त्यांवर वणवण हिंडतात, एवढीच त्याची कथा. ज्यांच्या घरातील एकच सायकल साऱ्या कुटुंबाचे पोट भरते, त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

त्या प्रेक्षकांत बिमल रॉय आणि त्यांचे सहकारी होते. चित्रपट पाहून ते भारावून गेले, आपसांत बोलत राहिले, आणि 1953 मध्ये 'दो बिघा जमीन' आला. जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणारा तो शेतकरी बलराज साहनी यांनी उभा केला. त्यासाठी ते स्वतः कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढावयास शिकले. 1954 मध्ये कान येथे त्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले. महोत्सवात जाऊन काय मिळते, असे विचारणाऱ्यास हे एक उत्तर पुरे.

पुढे रसिकांनी आपली मंडळे काढली. 1959 मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पी. के. नायर यांनी तेथे जुनी रिळे जिवापाड जपली. मंडळाची रीत आमच्या युनियनसारखीच: वर्गणी भरावयाची, एकत्र जमावयाचे, पाहून झाल्यावर बोलावयाचे.

हे शहरांतच शक्य आहे, असे कोणी म्हणेल. कर्नाटकातील हेग्गोडू हे शिमोगा जिल्ह्यातले खेडे. तेथील के. व्ही. सुब्बण्णा यांच्या निनासम संस्थेने 1970 च्या दशकात चित्रपट मंडळ काढून जगातील नामांकित चित्रपट खेडुतांना दाखविले. सुपारीच्या बागांत राबणारी माणसे परदेशी चित्रपटांवर वाद घालू लागली. मग आमची धानाच्या शेतांत राबणारी माणसे का घालणार नाहीत?

2004 पासून भारताचा महोत्सव गोव्यात भरतो. आम्ही एकदा तेथे गेलो. गोंदियाहून जाण्यायेण्यात कित्येक दिवसांची मजुरी मोडली. पण रांगेत उभे राहिलो आणि शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारले, "काल काय पाहिलंत? उद्या काय चुकवू नये?" आम्हांला एकदम ते बिडीचे सूप आठवले. गळ्यातील ओळखपत्र सोडले, तर प्रश्न म्हातारीचाच होता!

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 मध्ये व्हेनिसला पारितोषिके घेऊन आला. गटारात मेलेल्या एका सफाई कामगारापायी लोकशाहिरावर खटला भरला जातो, ही त्याची कथा. शाहिराचे काम केले ते नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी; 2021 मध्ये करोनाने ते गेले. आमच्या विदर्भातला माणूस, आमचाच प्रश्न. आणि आमच्या सफाई कामगारांपैकी किती जणांनी तो पाहिला, असे आम्ही एका सभेत विचारले, तेव्हा एकही हात वर आला नाही. ती लाज आमची आहे. आम्ही मजुरीचा हिशेब मागितला, तासांचा मागितला. त्या मिळविलेल्या तासांत माणसाने काय करावे, याचा विचार मात्र केला नाही. बिडी कामगारांच्या 1976 च्या कल्याण निधी कायद्यात करमणुकीच्या सोयींचा उल्लेख आहे. आम्ही दवाखान्यासाठी भांडलो, घरांसाठी भांडलो, त्या एका शब्दासाठी कधी भांडलो नाही.

आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. चित्रपट हवा तेव्हा मिळतो, पण पाहणारा एकटा असतो. संपला की तो दुसरा लावतो, कोणाला काही सांगत नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. एकत्र बसण्याची सवय मोडली, ती पुन्हा लावावी लागेल.

आणि आपल्या झाडीपट्टीला ती सवय नवी का आहे? दिवाळीनंतर मंडई भरते, नाटक लागते, रात्रभर माणसे थंडीत घोंगडी पांघरून बसतात. त्यांतील एक रात्र चित्रपटाला द्यावी. एक पडदा, एक यंत्र, चार सतरंज्या. रीतसर परवानगी काढून एक चांगला चित्रपट. आणि तो संपल्यावर तासभर बोलणे. खर्चाचा पहिला वाटा आमची युनियन उचलील, एवढा शब्द आम्ही या व्यासपीठावरून देतो. गोव्याला सर्वांना जाता येणार नाही. पण वारी करून आलेल्याने गावात येऊन सांगावे, आणि कोणीतरी विचारावे, "मंग का झालं गा?" तेवढे झाले तरी सौंदडचा महोत्सव सुरू झाला असे आम्ही समजू.