पऱ्हाटीतले प्रथिन

श्रावणाच्या उघडिपीत केळापूर तालुक्यातल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात शिरले, की काही फुले उमललेलीच दिसत नाहीत. त्यांच्या पाकळ्या टोकाशी गुंतून पीळ पडल्यासारख्या मिटलेल्या असतात. अशा फुलाला डोमकळी म्हणतात. पाकळ्या सोडवल्या की आत पुंकेसरांमध्ये बारीकशी अळी सापडते. हीच शेंदरी, म्हणजे गुलाबी बोंडअळी. तिची पुढची पिढी कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते आणि बाहेरून बोंड शाबूत दिसत असतानाच ती आतली सरकी पोखरत राहते. वरून मारलेले औषध तिथवर पोचत नाही.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठाणे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले आणि 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटताच लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासू लागली. केळापूर पुढे वणी जिल्ह्यात आले. 1905 मध्ये फेररचना होऊन जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. त्या काळची पऱ्हाटी देशी होती: आखूड धाग्याची, पण कोरडवाहूत तगणारी.

पुढे 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. लांब धाग्याचे संकरित वाण पसरले, खताची मात्रा वाढली आणि हिरव्यागार, मऊ पिकावर अळ्याही वाढल्या. हिरवी, ठिपक्यांची आणि शेंदरी या तीन बोंडअळ्यांशी शेतकऱ्यांचा सामना वाढला. नव्वदीच्या दशकात हिरवी अळी एकामागून एक औषधांना दाद देईनाशी झाली.

उपाय आला तो एका जिवाणूतून. 1901 मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत दिसला होता. जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि थुरिंजिया प्रांतावरून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, पडले. हा जिवाणू बीजाणू तयार करताना प्रथिनाचा स्फटिकही बनवतो. क्राय1एसी हे त्यातलेच एक प्रथिन.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. वीस प्रकारची आम्ले कोणत्या क्रमाने जोडायची ते जनुक सांगते आणि पेशीतले रायबोसोम तशी साखळी विणते. मग साखळीला घड्या पडतात. त्या घडीवरच प्रथिनाचे काम अवलंबून असते. क्राय1एसीचा स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतो. तिथली विकरे मूळ साखळी कातरून जवळजवळ निम्मी करतात. उरलेला तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि त्याचे काही भाग पेशीच्या आवरणात घुसून भोके पाडतात. पेशी फुटतात, अळी खाणे सोडते आणि मरते. माणसाच्या आतड्यात या प्रथिनाला चिकटायला तशी जागाच नाही.

जिवाणूचे जनुक जसेच्या तसे वनस्पतीत घातले तर प्रथिन नावालाच तयार होत होते. अमिनो आम्लांचा क्रम न बदलता मोन्सॅन्टो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी जनुकाची अक्षरे वनस्पतीच्या पेशीला मानवतील अशी बदलली. प्रयोगातल्या रोपांत प्रथिनाचे उत्पादन शंभरपटीपर्यंत वाढले. हे जनुक जालन्याच्या महिको कंपनीने आपल्या संकरित वाणांत आणले आणि 26 मार्च 2002 रोजी तीन वाणांना परवानगी मिळाली. 2006 मध्ये क्राय2एबी हे दुसरे प्रथिन जोडलेले वाण आले. यवतमाळच्या काळ्या रानात थोड्याच वर्षांत जवळपास सगळी पऱ्हाटी बीटीची झाली.

मात्र पेशी हे प्रथिन सदासर्वकाळ सारख्याच प्रमाणात बनवत नाहीत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी ते मोजले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार क्राय1एसी सर्वांत जास्त पानांत होते, तर जिथे खरी गरज, त्या फुलाच्या अंडाशयात आणि बोंडाच्या सालीत अपुरे. पेरणीनंतर सुमारे 110 दिवसांनी प्रमाण आणखी घसरत होते. पहिल्या बीटी वाणांच्या संकरित झाडावरच्या बोंडात तर जनुकाच्या वाटणीमुळे साधारण चौथा हिस्सा सरकी विषाविनाच असे. शेंदरी अळी खाते ती नेमकी सरकीच.

त्यात भर पडली फरदडीची. हाती पैसा नसलेला शेतकरी आणखी दोन वेचण्या मिळाव्यात म्हणून पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी ठेवतो. यात अविचार नाही, नड आहे. पण अळीला त्यामुळे महिनोन्‌महिने अन्न मिळाले. विषाला दाद न देणाऱ्या अळ्या माजू नयेत म्हणून बीटीभोवती साध्या कापसाच्या आश्रय-ओळी लावण्याचा नियमही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. गुजरातेत आधी क्राय1एसी आणि 2014-15च्या सुमारास दुहेरी प्रथिनही शेंदरीवर चालेनासे झाले. प्रतिकारक अळ्यांत संशोधकांना कॅडहेरिनचे जनुक बदललेले आढळले. चिकटण्याची जागाच बिघडली, की विष आतड्यात असूनही निकामी ठरते.

बीटी चालेनासे झाल्यावर पुन्हा फवारणीचाच आधार उरला. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. मोनोक्रोटोफॉसच्या गटातली औषधे ज्यावर घाला घालतात, तेही एक प्रथिनच: ॲसिटिलकोलिनएस्टरेज. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचल्यावर तो थांबवण्याचे काम या विकराचे. औषध त्याच्या खोबणीतल्या सेरीन या अमिनो आम्लाला पक्के जडते. मग निरोप थांबत नाही, घाम आणि लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वासाचे स्नायू थकतात. ॲट्रोपिनने लक्षणे आवरतात. वेळेत दिलेले प्रॅलिडॉक्झिम विकर मोकळे करू शकते. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला हातमोजे आणि तोंडावर धड आवरणही न मिळणे हा त्या वर्षीचा सर्वांत मोठा अन्याय होता.

त्यानंतर कृषी विभागाचा आणि कापूस संशोधकांचा भर पेशीतल्या विषापेक्षा हंगामाच्या वेळापत्रकावर आला आहे. डोमकळ्या तोडून नष्ट करणे, कामगंध सापळ्यांत रोज किती पतंग येतात ते मोजणे, जिनिंगच्या आवारातली किडकी सरकी हटवणे आणि डिसेंबर-जानेवारीत शेत रिकामे करणे ही त्यातली मुख्य कामे. नागपूरची संस्था कमी मुदतीच्या वाणांची दाट लागवडही सांगते. बोंडे लवकर आणि एकदम भरली, तर शेंदरीच्या उशिराच्या पिढ्यांना खायला उरत नाही, आणि शेतकऱ्यालाही फरदडीची वाट पाहावी लागत नाही.