सरफोजी राजांच्या दरबारात एक रात्र

जोडे बाहेर काढा आणि खांबाच्या कडेला बसून घ्या. १८२० चं दशक संपत आलंय. तंजावूरच्या राजवाड्यात दिवट्या पेटल्या आहेत. तेलाच्या धुरात मोगऱ्याचा वास मिसळलाय. समोर गादीवर सरफोजी राजे भोसले आहेत. १७९९ मध्ये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, हाती उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. पण सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्या त्यांच्या आहेत आणि हा दरबारही.

आता ती येते, दरबाराची नर्तकी. तिच्यामागचा ताफा सगळा उभा आहे, बसलेलं कुणीच नाही. मृदंग कमरेला बांधलेला, तुत्ती नावाच्या फुंकवाद्यातून एक सूर अखंड वाहतोय, नाच चालवणाऱ्या गुरूच्या, म्हणजे नट्टुवनाराच्या हातात टाळ. ती पुढे सरकली की ताफा पुढे येतो, मागे गेली की मागे. तालाला जणू तिच्या पाठीशीच राहायचंय.

पहिल्यांदा हलतात ते फक्त डोळे. मग मान, खांदे, हात. गुडघे बाहेर वळवून ती अर्धी बसते आणि पाय आपटते. चाळांचा आवाज तुमच्या मांडीखालच्या फरशीतून वर येतो. टाळ जलद होतो, नट्टुवनार बोल म्हणतो, तीच अक्षरं ती टाचेने उमटवते. शेवटची थाप समेवर पडते आणि तुम्हाला कळतं, एवढा वेळ तुम्ही श्वास रोखून धरला होता.

मग ती गाऊ लागते आणि तुम्ही दचकता. शब्द मराठी आहेत!

तिच्या घरी तमिळ किंवा तेलुगू बोलतात. तरीही मराठी ओळ तिच्या ओठांवर आहे, आणि तीच ओळ पुन्हापुन्हा येते. एकदा तिचे डोळे रुसतात, एकदा वाट पाहतात, एकदा भुवई नुसती उचलली जाते. शब्द बदलत नाहीत, अर्थ दर वेळी नवा होतो. या दरबारासाठी लिहिलेल्या ‘निरूपण’ नावाच्या मराठी नृत्यरचनांत ‘जयजय’पासून ‘मंगळ’पर्यंत अठरा भाग एकाच कथेत ओवलेले असतात. राजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ हे नृत्यनाट्यही मराठीत लिहिलं, त्यात भविष्य सांगणारी कोरवंजी पृथ्वीचा भूगोल गाते.

ताफ्यातल्या तरुण भावांकडेही पाहा: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू. भरतनाट्यमचा अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम तुम्ही आज सभागृहात पाहता, त्याची घडी बसवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

सकाळी बृहदीश्वराच्या देवळात जा. १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास तिथल्या भिंतीवर आहे. त्याच देवळात त्याच्या जवळजवळ आठशे वर्षं आधीचा, राजराज चोळाचा लेखही आहे. त्यात ४०० नर्तकींची नावं आहेत, कुणाचं घर कोणत्या गल्लीत होतं तेही आहे. बोट फिरवून वाचा. रात्री जिला पाहिलंत, ती याच परंपरेतली.

तिच्या पणतींच्या वाट्याला मात्र बदनामी येणार आहे. १९३० च्या दशकात हाच नाच, त्याचं तेव्हाचं नाव सादिर, ‘भरतनाट्यम’ या नावाने प्रतिष्ठितांच्या मंचावर जाईल. १९४७ चा मद्रासचा कायदा देवाला मुली वाहण्याची प्रथा बंद करील. ती बंद व्हायलाच हवी होती. पण ज्या घरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवली, त्या घरांतल्या बहुतेक जणी या सगळ्यात मंचावरून दूर झाल्या.

म्हणून आपल्या काळात परतल्यावर पुढचा कार्यक्रम पाहाल तेव्हा राजांचा अभिमान जरूर बाळगा, चार भावांची नावंही घ्या. पण पहिला मान तिचा. राजांनी आश्रय दिला, भावांनी रचना दिली. मराठी शब्दांना डोळे आणि पावलं दिली ती तिने.